एक हात, दोन बोटे कमी

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत घराचे फर्निचर करून देण्याचे काम करताना "वाड्यासारखं काहीतरी करा" ही मागणी हल्ली वरचेवर कानावर येते. मागणी करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये चित्रे तयार असतात. राजस्थानी झरोक्यातला आरसा, चेट्टिनाडचे काळे खांब, संखेड्याच्या लाखकामाचा झोपाळा, पाठीवर मोर कोरलेला सोफा. यांतली एकही वस्तू गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यातली नसते. बाजाराने यावर सोपा तोडगा काढला आहे. एमडीएफची शीट सीएनसी मशीनवर टाकून कमानीची जाळी कापायची, तिला अक्रोडी रंग मारायचा आणि टीव्हीच्या मागे ठोकून द्यायची. याला 'हेरिटेज लूक' म्हणतात. मागणाऱ्यांची ओढ मात्र अगदी खरी असते. ज्यांच्या आजोबांचे माळवद पडले, ज्यांचा वाडा वाटण्यांत गेला, त्यांना त्या घराची काहीतरी खूण फ्लॅटमध्ये हवी असते. त्या ओढीला मिळणारे उत्तर मला चुकीचे वाटते, आणि ते का, हेच इथे मांडायचे आहे. आपल्या भागातल्या लाकूडकामाचा वारसा नक्षीत शोधला तर हाती फार थोडे लागते. तोच बसण्याच्या उंचीत, मापात, सांध्यात आणि दुरुस्तीच्या सोयीत शोधला, तर एका माणसाच्या उभ्या हयातीला पुरेल एवढे काम समोर पडलेले दिसते.

माळवदाचे घर मुळात काय होते ते आधी पाहू. दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यावर फळ्यांचा किंवा काड्यांचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीची जाड थापणी. उजेडाला छपरातले साणे. या घरात कपाट नव्हते, कारण भिंतच कपाट होती. दिव्याला देवळी, भांड्यांना फडताळ, कपड्यांना आणि घोंगड्यांना खुंट्या, धान्याला बळद. सोफ्याचे काम ओसरी आणि ढेलजेतला ओटा करी. सुटे लाकडी सामान मोजकेच असे. बाज, पाट, चौरंग, पाळणा, घडवंची, देव्हारा. ऐपत असेल तर बंगई आणि एखादी पितळी पट्ट्यांची पेटी. मोंढ्यातल्या आडत्याच्या पेढीवरही गादी, लोड आणि मांडीपुढे ओढून घेण्याची उतरत्या झाकणाची पेटी एवढ्यावर सगळा व्यवहार चाले. लाकडाची ही काटकसर नुसत्या गरिबीतून आलेली नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे रान आहे, पण लातूर जिल्ह्याचे वनक्षेत्र जेमतेम एक टक्काही भरत नाही. साग लांबून आणावा लागे, म्हणून तो जिथे भार आहे तिथेच वापरायचा आणि बाकीचे बाभूळ-कडुलिंबावर भागवायचे, असा हिशेब सुतारांनी आणि घरधन्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला. आज फ्लॅटच्या चारही भिंती लाकडासारख्या दिसणाऱ्या पॅनेलने मढवून त्याला वाड्याची आठवण म्हणणे म्हणजे त्या काटकसरीचा शब्दशः उलटा अर्थ लावणे आहे. दोन खोल्यांच्या घरात भिंतीच्या जाडीत बसणारे फडताळ, खिडकीखाली बसता येईल असा ओटा आणि रांगेने सहा खुंट्या एवढे केले तरी माळवदाचे घर जास्त खरेपणाने परत येते.

या मोजक्या सामानाला टेप लावली की त्यामागची एक शिस्त दिसू लागते. जुनी मापे शरीराची होती. बारा अंगुळांची वीत, चोवीस अंगुळांचा हात. पाट जमिनीपासून साधारण चार बोटे उंच, चौरंग वीतभर, बाज हातभर. बसण्याच्या या तीन पायऱ्या, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले. पाटावर जेवायला बसायचे, चौरंगावर देव मांडायचा किंवा लग्नाच्या हळदीला बसवायचे, बाजेवर दमलेल्याने आणि पाहुण्याने टेकायचे. आता बाजारातली खुर्ची पाहा. तिची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणजे पुस्तकी हिशेबाने बरोबर एक हात. प्रश्न असा, की हा हात कोणाचा? भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर आहे. तिचा स्वतःचा हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, ४१ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. शिवाय ४५चे माप ज्या देशांत रूढ झाले तिथे माणसे घरातही बूट घालून बसत. आपण चपला दाराबाहेर काढून बसतो. त्यामुळे आपल्या घरातली बाई डायनिंगच्या खुर्चीवर बसली की तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या जातात, मांडीखाली खुर्चीची कड रुतते आणि थोड्या वेळाने ती पाय वर घेऊन मांडी घालते. लोक याला सवय म्हणतात. मी याला चुकीचे माप म्हणतो. बसणाऱ्याचा स्वतःचा हात घ्यायचा आणि त्यातून दोन बोटे कमी करायची, हा हिशेब धरून केलेली बैठक ३८ सेंटिमीटरच्या जवळ येते आणि तळवे पूर्ण टेकतात. घरात सर्वांत जास्त वेळ कोण बसणार, त्या माणसाचा हात मोजायचा. वडिलांचा नव्हे, बहुतेक वेळा आजीचा. मापाची ही पद्धत कुठल्याही कोरीव मोरापेक्षा जुनी आहे आणि ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, फक्त गुडघ्यांना कळते.

मापानंतर सांधा. बाजेचा एक खूर हातात घेऊन नीट पाहिला की सुताराची बुद्धी कुठे खर्च झाली आहे ते कळते. खूर खाली बारीक असतो आणि जिथे गाते, म्हणजे चौकटीच्या दांड्या, येऊन मिळतात तिथे सर्वांत जाड, कारण तिथेच लांबीच्या आणि रुंदीच्या गात्यांची कुसवे, म्हणजे खाचेत बसणारी टोके, काटकोनात आत शिरतात आणि दोन्ही खाचांसाठी लाकूड शिल्लक राहावे लागते. खिळा कुठेही नसतो. सांधा धरून ठेवते ती दोरी. विणीचा ताण समोरासमोरच्या गात्यांना एकमेकांकडे ओढतो आणि कुसू खुराच्या आत दाबले जाते. माणूस बसला की दोरी ताणते, दोरी ताणली की सांधा आणखी घट्ट बसतो. भार हाच इथे पाचरीचे काम करतो. वापराने वीण सैल पडली की पायथ्याची दोरी ओढून पुन्हा ताठ करायची; त्याला कारागीर लागत नाही, घरातले कोणीही करते. खूर मोडला तर तेवढा खूर बदलायचा. खूर बाभळीचे, कारण बाभळीचा गाभा मार सोसतो. मात्र ते लाकूड आधी काही महिने पाण्यात मुरवायचे, नाहीतर कीड लागते. दोरी अंबाडीची किंवा केकताडाच्या वाकाची, आणि ती वळणारे हात बहुधा मातंग समाजाचे. म्हणजे बाज ही एकट्या सुताराची वस्तू नाही, ती दोन जातींच्या कसबाची वस्तू आहे आणि तिचे श्रेय मात्र क्वचितच दोघांना मिळाले. आता तिच्या शेजारी आजचा पेटीपलंग ठेवून पाहू. त्याचे सांधे स्क्रूवर उभे असतात. एमडीएफच्या भुश्श्यात स्क्रूची जागा एकदा खुलली की तिथे पुन्हा तोच स्क्रू धरत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि जुलैत हवा ओलीचिंब होते. लाकूड आणि लाकडाचे सगळे अवतार या काळात आकसतात आणि फुगतात. जुन्या दाराची फळी चौकटीच्या खोबणीत मुद्दाम सैल ठेवलेली असे, तिला हलायला जागा असे. आज सगळे चिकटवून टाकतात आणि मग पावसाळ्यात ड्रॉवर उघडत नाही म्हणून लाकडाला दोष देतात.

मला सर्वांत जास्त जिव्हाळा वाटतो तो घडवंचीबद्दल, कारण ती आज कोणीच करत नाही आणि आज तिचीच सर्वांत जास्त गरज आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ती गोष्ट देशभर गेली. गाडी थांबली, दुष्काळ सरला, पण आठवडाभराचे पाणी घरात साठवून ठेवण्याची लातूरकरांची सवय काही सरली नाही. दोनशे लिटरचा ड्रम भरला की दोनशे किलो होतात. हा ड्रम, त्याखेरीज माठ, हंडे, कळश्या, हे सगळे ठेवायला मॉड्युलर किचनमध्ये जागाच काढलेली नसते. ते मग ओट्याखाली, कपाटाच्या पायाशी जाऊन बसते, झिरपते, आणि दोन पावसाळ्यांत कपाटाचा तळ पावासारखा फुगतो. घडवंची या सगळ्याचा विचार करून बसलेली वस्तू आहे. बाहेर झुकलेले चार जाड पाय, वर अंतर ठेवून ठोकलेल्या पट्ट्या, त्यांवर हंड्यांची रांग. सांडलेले पाणी खाली निथळते, खालून हवा खेळते, झाडू फिरतो. तिला वाड्याच्या खांबाची आणखी एक युक्ती जोडता येते. खांब कधीच थेट जमिनीवर उभा नसे, तो दगडाच्या उथळ्यावर उभा असे, म्हणून ओल आणि वाळवी त्याच्या बुडाला लागत नसे. घडवंचीच्या, टेबलाच्या, पलंगाच्या पायाखाली तीन बोटे उंचीचा दगडी किंवा पितळी उथळा दिला की फरशी रोज धुतली तरी लाकूड कोरडे राहते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला जो अहवाल दिला, त्यात साध्या लोट्याचे उदाहरण घेऊन एखादी वस्तू पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने कशी घडत जाते हे समजावले होते. लोट्याला तो मान मिळाला, घडवंचीला मिळाला नाही. लातुरातल्या एखाद्या तरुण रचनाकाराने पुढची दोन वर्षे फक्त घडवंचीला दिली, तर मला ते दहा झरोक्यांच्या आरशांपेक्षा मोठे काम वाटेल.

यावर पहिली हरकत अशी येते, की मग अलंकार वारसा नव्हेच का? देगलूर तालुक्यातल्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहिलेला माणूस हे विचारणारच. तिथल्या दगडावर जे काम आहे ते अप्रतिमच आहे. पण ते दगडासाठी सुचलेले आहे, मंदिराच्या भिंतीच्या वळणावर बसवलेले आहे आणि दिवसभर सरकणाऱ्या उन्हात पाहायचे आहे. तेच सहा मिलिमीटरच्या शीटवर कापून सोफ्याच्या पाठीला लावले की ना त्यात खोली उरते ना टेकता येते. पाठीला टोचते आणि खाचांत धूळ बसते. डेन्मार्कचा हान्स वेग्नर हा शिकून तयार झालेला सुतार. १९४०च्या दशकात त्याने मिंग काळातल्या चिनी खुर्च्यांचा अभ्यास करून स्वतःची 'चायना चेअर' केली आणि त्याच विचारातून १९४९ साली 'विशबोन' खुर्ची, जी १९५०पासून आजतागायत बनते आहे. त्याने चिनी ड्रॅगन उचलला नाही. पाठ आणि हात एकाच वळणाऱ्या दांड्यात कसे येतात तेवढेच त्याने घेतले आणि बैठक दोरीने विणली. वारशापासून प्रेरणा घेणे म्हणजे काय, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. बाजेच्या खुराकडे आपल्यापैकी कोणी या नजरेने पाहिले आहे का? मशीनला माझा विरोध नाही. तीच सीएनसी कुसू आणि खाच केसाच्या अचूकतेने कापून देऊ शकते. तिला जाळ्या कापायला बसवले, हा निर्णय माणसांचा आहे.

दुसरी हरकत गुडघ्यांची. खाली बसण्याचे कौतुक तरुणांनी करावे, ज्याचे गुडघे गेले त्याला पाटावरून कोण उठवणार? हरकत रास्त आहे, आणि तिचे उत्तर त्या तीन पायऱ्यांतच आहे. जुने घर सर्वांना जमिनीवर बसवत नव्हते. म्हातारा माणूस ओसरीच्या कडेला पाय सोडून बसे किंवा बाजेवर. जमीन ते हात या दरम्यान उंचीची निवड होती. आजच्या दिवाणखान्यात एकच उंची आहे आणि ती कोणाच्याच मापाची नाही. तिसरी हरकत पैशाची, आणि ती मला सर्वांत जड वाटते, कारण भरीव लाकडाचे, हाताने सांधलेले काम महाग पडतेच. ते स्वस्त आहे असे सांगणे खोटे ठरेल. एवढेच म्हणता येते, की जुन्या घराची रीत धरली तर वस्तू निम्म्याने कमी लागतात. साग फक्त चौकटीला आणि बाकी कडुलिंब, बाभूळ, आंबा वापरला तर खर्च उतरतो. आणि दुरुस्तीची सोय ठेवली तर दहा वर्षांनी सगळे फेकून पुन्हा खर्च करावा लागत नाही. बलुत्याच्या काळात सुताराला वर्षाचे धान्य मिळे आणि त्या बदल्यात औत, तिफण, वखर वर्षभर चालते ठेवणे त्याच्याकडे असे. वस्तू मोडली तर काम त्याचेच वाढायचे, म्हणून ती मोडू नये याची काळजीही तोच घ्यायचा. ती व्यवस्था जातीच्या बंधनात जखडलेली होती आणि ती गेली हे चांगलेच झाले. पण करणाऱ्याने वस्तूच्या पुढच्या आयुष्याचा जिम्मा घ्यायचा, हा तिच्यातला एक धागा तेवढा उचलण्याजोगा आहे. ट्रॅक्टर आला, लाकडी औते संपली आणि सुतारांची मुले बिजागऱ्या बसवणारे फिटर झाली. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतारकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयेही आहेत. अवजारे मिळाली तरी रंधा मारायला काम लागते, आणि ते काम आमच्यासारख्यांच्या आराखड्यांतून आले पाहिजे.

लातूरमध्ये वाड्याचे नाव काढले की एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा कोणालाही अधिकार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. किल्लारी आणि आसपासच्या गावांत भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, आणि बरीचशी माळवदाखाली आणि दगडी भिंतींखाली गेली. ५२ गावे नव्या जागी उठवून वसवावी लागली. ज्या घराने माणसे मारली त्याच्या आठवणी दिवाणखान्यात का मांडायच्या? याचे उत्तर भावनेने देता येत नाही, रचनेनेच द्यावे लागते. एक फूट जाडीचा मातीचा थर म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास अर्धा टन वजन, आणि पुष्कळ घरांवर गळती थांबवण्यासाठी वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेले होते. भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या दगडी फळ्या एकमेकांना आरपार दगडांनी बांधलेल्या नव्हत्या. मधे गोटे आणि माती भरलेली होती, त्यामुळे हादरा बसताच त्या दोन बाजूंना फुटल्या. ज्या घरांत छपराचा भार लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या कित्येक ठिकाणी भिंती ढासळल्या आणि लाकडाचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे त्या रात्रीने जे सांगितले ते लाकडी सांध्याच्या बाजूने होते आणि बेहिशेबी वजनाच्या विरुद्ध. म्हणूनच वाड्याचा वारसा म्हणून अवजड वस्तू विकणाऱ्यांचा मला राग येतो. माणसापेक्षा उंच, भिंतीला न बांधलेले, वर कोरीव शिरपेच चढवलेले कपाट पलंगाशेजारी ठेवणे, हे किल्लारीच्या पन्नास-शंभर किलोमीटरवर राहणाऱ्यांनी तरी करू नये. २१ मार्च २०२४ ला हिंगोलीकडून आलेले धक्के नांदेडनेही अनुभवले. उंच कपाट भिंतीला दोन ठिकाणी बांधल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये, हा नियम आमच्या भागात प्रत्येक कारागिराने पाळायला हवा.

शेवटची हरकत जातीची. ती उत्तर देऊन मिटवायची नाही, तिच्यामुळे माझे म्हणणेच बदलते. बसण्याची उंची हा आपल्या गावांत कधीच नुसता मापाचा प्रश्न नव्हता. कोणी ओट्यावर बसायचे, कोणी पायरीवर, कोणी अंगणात उकिडवे, हे जन्माने ठरत होते. वरच्या जातीचा माणूस समोरून आला की स्वतःच्या दारातल्या बाजेवरून उठून उभे राहावे लागत होते. ढेलजेतला तो देखणा ओटा, ज्याची चित्रे आम्ही कौतुकाने काढतो, तो कित्येकांसाठी पाऊल न ठेवायची जागा होता. ज्यांच्या घरात शिकलेल्या पहिल्या पिढीबरोबर पहिली खुर्ची आली, त्यांच्यासाठी खुर्ची ही परकी वस्तू नाही. ती कमावलेली वस्तू आहे. त्यांना कोणी जमिनीवर बसण्याचा वारसा समजावून सांगू लागले, तर ते कपाळाला आठ्या घालतील आणि त्यांचे बरोबर असेल. म्हणून वारशातून काय घ्यायचे हे ठरवताना निवड करावीच लागते, आणि ती करण्याचे निकषही याच मातीत आहेत. आपल्या भागात बैठकीच्या शब्दांना केवढे वजन आहे पाहा. नांदेडचा सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तख्त म्हणजे आसन. १७०८ मध्ये इथेच गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथसाहिबला गुरुपद दिले, आणि २००८ साली नांदेडने त्याची तीनशे वर्षे साजरी केली ती 'गुरु-ता-गद्दी' या नावाने. माहूरची रेणुका हे शक्तिपीठ. पीठ म्हणजेही आसनच. तख्तावर ग्रंथ आहे, माणूस नाही. आणि तिथल्या लंगरात जो येतो तो एकाच पंगतीत, एकाच उंचीवर बसतो. निलंग्याच्या पलीकडे, सीमेला लागून बसवकल्याण आहे. बाराव्या शतकात तिथल्या अनुभव मंटपात चांभार, नावाडी, धोबी, ब्राह्मण एकत्र बसून चर्चा करीत, आणि अध्यक्षपदी असलेल्या अल्लमप्रभूंच्या आसनाचे नाव होते शून्यसिंहासन. लातूर जिल्ह्यातल्या शेकडो घरांत या परंपरेचा मान आहे. ओट्यावरून ढकलणारी परंपरा आपली आहे तशी एका रांगेत बसवणारी परंपराही आपलीच आहे. आराखडा करणाऱ्याने दुसरीचा हात धरावा. व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा होतो. दिवाणखान्यात एकच बैठक उंच, रुंद आणि नक्षीची, आणि बाकीच्या तिच्यापुढे लहान, अशी 'महाराजा' मांडणी करायची नाही. बैठकीच्या दोन उंची असतील तर त्या गुडघ्यांसाठी असाव्यात, मानासाठी नकोत. घरकामाला येणाऱ्या बाईला चहा प्यायला वेगळे स्टूल करून मागितले, तर ते करून द्यायचे नाही. आणि बाज विणून घेतली तर सुताराबरोबर दोरी वळणाऱ्याचे नाव आणि मजुरी बिलावर स्वतंत्र लिहायची.

जे वाचक येत्या वर्षात गावाकडचे घर उतरवणार असतील, त्यांना एकच विनंती. जुने खांब, तुळया आणि चौकटी वजनावर भंगारात किंवा जळणाला देण्याआधी एखाद्या हातकामाच्या सुताराला बोलावून दाखवा. वरवर काळे पडलेले सागाचे लाकूड रंध्याच्या दोन फेऱ्यांत आतून सोन्यासारखे निघते, आणि इतकी वर्षे मुरलेले ते लाकूड नव्या लाकडाइतके आकसत-वाकत नाही. एका खांबातून चार जणांची बैठक आरामात होते. तिची उंची ठरवताना टेप बाजूला ठेवा आणि आजीला हात पुढे करायला सांगा.